नळीचा दोष

निवृत्तीआप्पा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, पाणी घेतलं नाही, खुर्चीवर बसले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले. शर्टाच्या खिशातून एक लांबडा स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक आमच्या फ्रिजला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. माझी बायको साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी. मिनिटभराने आप्पांनी डोळे उघडले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात मला म्हणाले, "मास्तर, मागचा एक पाय उचललेला हाय. घरघर न्हाई, नुसती खडखड हाय. काळजीचं कारण न्हाई."

पुठ्ठ्याची एक छोटी घडी फ्रिजच्या पायाखाली गेली आणि आठ वर्षं आम्ही जो आवाज फ्रिजचा स्वभाव समजून चाललो होतो तो बंद झाला. त्या दिवसापासून माझी बायको आप्पांच्या बाजूची झाली. गल्लीत कुणी आप्पांना चक्रम म्हटलं की ती माझ्याकडे बघते, जणू मीच म्हणालो. खरं सांगायचं तर बऱ्याचदा मीच म्हणालेलो असतो.

आप्पा आमचे शिरूरचे शेजारी. मूळचे मांडवगण फराट्याचे, पण सगळी उमेद रांजणगावच्या एका कारखान्यात गेली. तिथं त्यांचं काम होतं ऐकायचं. चालू मशिनच्या बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर लावायचा, कान द्यायचा आणि कोणतं बेअरिंग आता जास्त दिवस काढणार नाही ते सांगायचं. पुढं कारखान्यात त्या कामाचं यंत्र आलं. ते पडद्यावर रेघा काढून दाखवायचं. आप्पांना त्या यंत्राचा आजही राग आहे. "रेघा बगून काय कळतंय, मास्तर? दुखणं ऐकायचं असतंय," ते म्हणतात. नावातच निवृत्ती असलेला हा माणूस कारखान्यातून निवृत्त झाला आणि खरा कामाला लागला तो त्यानंतरच. गल्लीतले पंखे, मिक्सर, पिठाची गिरणी, कुणाकुणाच्या मोटारसायकली, सगळ्यांच्या छातीला त्यांचा स्क्रू ड्रायव्हर लावून झाला आहे. एका लग्नात त्यांनी तो मांडवाच्या खांबाला लावला आणि भर अक्षतांच्या वेळी वरपित्याला जाऊन सांगितलं की तुमचा डीजे आणि हा खांब यातलं एकच काहीतरी ठेवा. तेव्हापासून लोक त्यांना थरथर आप्पा म्हणतात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मी शाळेत मराठी शिकवतो. पण मास्तर म्हटल्यावर सगळंच येत असणार, अशी आप्पांची समजूत. एकदा त्यांनी मला कंपनांबद्दल काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "आप्पा, तो विज्ञानाचा विषय. माझा मराठी."

"मग? थरथर मराठीत न्हाई व्हय?"

शब्दांच्या बाबतीत तर त्यांनी मला वर्गात बसवून शिकवावं अशी परिस्थिती. आम्ही ज्याला सरसकट आवाज म्हणतो त्याच्या त्यांनी जाती लावलेल्या. "खडखड म्हंजी ढिलं. घरघर म्हंजी कोरडं. भणभण म्हंजी वाकडं. धडधड म्हंजी एका अंगाला वजन जास्ती."

"आणि थरथर?"

आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. "थरथर लई अवघड. ती असती एकाची आन् दिसती दुसरीकडं. कुणाची हाय तेच लवकर कळत न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून वहीत उतरवून ठेवलं होतं.

गेलं वर्षभर मात्र आप्पांनी पंखे आणि मिक्सर सोडून दिले आणि एकाच थरथरीचा पिच्छा पुरवला. छर्‍याच्या बंदुकीच्या नळीची थरथर. जत्रेत फुगे फोडायला असते तीच बंदूक. मधून मोडायची, छर्रा घालायचा, सरळ करायची आणि चाप ओढायचा. "चाप वढला की आत स्प्रिंग लाथ झाडती," आप्पा सांगतात. "छर्रा अजून नळीतच असतोय आन् नळी नाचाय लागती. मग नेम धरून उपेग काय? तुम्ही नेम धरलाय एका नळीचा आन् छर्रा सुटतोय दुसऱ्याच नळीतनं."

आता हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पण त्यांना चक्रम म्हणून मोकळे व्हाल. ते आलं हौसाकाकूंमुळे.

काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. माहेर दौंड तालुक्यातलं कासुर्डी, घरचं शेवंतीचं आणि झेंडूचं रान. त्या लग्नाच्या वयाच्या असताना आप्पा मित्रांबरोबर कासुर्डीच्या जत्रेला गेले होते. फुग्यांच्या दुकानावर दहा छर्रे मारले, एकही फुगा फुटला नाही. आप्पांनी बंदुकीला कान लावला आणि फुगेवाल्याशी भांडण काढलं की तुझी नळी वाकडी आहे. तेवढ्यात मागून आवाज आला, "द्या बरं इकडं." वडिलांबरोबर आलेली एक मुलगी पुढं झाली आणि तिनं त्याच बंदुकीनं दहा छर्‍यांत दहा फुगे फोडले.

"त्याच नळीनं?" मी विचारलं होतं.

"त्याच."

"म्हणजे नळीचा दोष नव्हता, आप्पा."

"व्हता की! तिला माहीत व्हता. ती दोष धरून नेम धरायची." मग म्हणाले, "आन् तिनं बंदूक आवळली न्हाई. मी आवळून धरली व्हती. तिनं हातावर नुसती ठेवली, झोपलेलं मांजर ठेवावं तशी."

पुढच्याच महिन्यात आप्पा यवतच्या बाजूला, पुन्हा कासुर्डीतच, मुलगी बघायला गेले. पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली ती हीच. "बशी घेताना माजा हात थरथरला, मास्तर. तिचा न्हाई थरथरला," आप्पा सांगतात आणि हसतात. माझ्या बायकोनं ही गोष्ट त्यांच्याकडून चार वेळा मागून ऐकली आहे.

लग्नानंतर दरवर्षी माहेरच्या जत्रेत काकू दहा छर्रे मारायच्या. तो गावाचा रिवाजच होऊन बसला. आत्या आली म्हटलं की माणसं पाळणे आणि भेळ सोडून बंदुकीच्या दुकानाभोवती गोळा व्हायची. भाचे मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, त्यांच्या बायका येऊन बघायला लागल्या. दहा छर्रे, दहा फुगे. मग काकू पदराला हात पुसायच्या आणि जिलेबी घ्यायला जायच्या.

तीन-चार वर्षांपूर्वी काकूंचे हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा बशीत यायचा. मग दारातली रांगोळी बंद झाली. मग कुंकू जाऊन टिकली आली. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि याच्यासोबत राहायला शिका म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या जत्रेत काकूंनी दहा छर्रे मारले आणि दहाच्या दहा मागच्या पडद्यात गेले. कुणी हसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कुणी हसलं नाही. फुगेवाला चांगला माणूस. त्यानं दोर्‍यातून एक फुगा सोडला आणि लहान पोराला देतात तसा काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो घरापर्यंत आणला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "झालं बाई आता. मी न्हाई परत बंदुकीला हात लावायची. जत्रेला बी न्हाई जायची."

पुढच्या वर्षी त्या खरोखरच गेल्या नाहीत. आप्पा एकटे गेले आणि फुगेवाल्याकडून ती बंदूकच विकत घेऊन आले. पोत्यात गुंडाळलेली बंदूक ओट्यावर ठेवत त्यांनी काकूंना निकाल ऐकवला, "दोष नळीचा हाय. मी आधीपासनं सांगत आलोय. पुढच्या जत्रेपर्यंत नीट करतो, मग तू मार."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी नीट व्हऊ द्या. मग बगू."

त्या दिवसापासून त्या घरात हात या शब्दाला बंदी आली. काकूंच्या हातून वाटी पडली तर आप्पा ओट्याला स्क्रू ड्रायव्हर लावून ओटा ऐकायचे. माझ्या तोंडून एकदा निघून गेलं, "आप्पा, काकूंच्या कोपराखाली टेकू दिला तर?" आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गात इतक्या वर्षांत कुणाकडे तसं बघू शकलेलो नाही.

"टेकू कशापायी? दोष नळीचा हाय. पाय दुखतोय म्हणून तुम्ही चष्मा लावता का?"

आणि मग त्यांनी ते सिद्धही करून दाखवलं. परसात एका लाकडी ठोकळ्यावर त्यांनी वाइस बसवला, म्हणजे लोखंडाचा तो पकडणारा जबडा. त्यात बंदूक करकचून आवळली. समोर दहा पावलांवर चिंध्या भरलेलं पोतं, त्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर मधोमध काकूंची लाल टिकली. "आता बगा. हात कुणाचाच न्हाई." चापाला दोरी बांधून त्यांनी पाच छर्रे मारले. पाच भोकं पाच ठिकाणी. एक टिकलीच्या वर, एक खाली, दोन बाजूला आणि एक तर पुठ्ठ्याच्या कडेला.

"सांगा मास्तर! हात लागला व्हता का कुणाचा?" आप्पा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले. मी जवळ उभा होतो, मला ओरडून सांगायची काही गरज नव्हती.

खिडकीतून आवाज आला, "माज्या टिकल्या किती संपवल्या ते बी सांगा मास्तरांना."

मग सुरू झाला उपचार. आप्पांनी बंदूक उघडली. स्प्रिंगला दाट ग्रीस दिलं, आतल्या सळईवर प्लास्टिकची नळी चढवली म्हणजे स्प्रिंग आतल्या आत झणझणणार नाही. मोडायच्या सांध्याचा स्क्रू आवळला, लाकडाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. दर वेळी पाच छर्रे, दर वेळी नवी टिकली. भोकं हळूहळू जवळ यायला लागली. शेवटी त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून एक पितळी कडं करून घेतलं, नळीच्या तोंडाशी बसणारं. एलच्या आकाराच्या छोट्या एलन कीनं त्याचा स्क्रू ढिला करायचा, कडं केसभर पुढं-मागं सरकवायचं आणि पुन्हा आवळायचं.

"एवढ्याशा कड्यानं थरथर थांबते?" मी विचारलं.

"थांबत न्हाई. थांबवायची बी न्हाई." त्यांनी माझ्या हातातली लाकडी पट्टी घेतली. मी शाळेतूनच येत होतो. पट्टीचं एक टोक ठोकळ्यावर दाबून धरलं आणि दुसरं बोटानं उडवलं. टर्रर्र झालं. वर्गात हे केलं म्हणून मी मुलांना बाहेर उभं करतो. "बगा नीट. वर गेली, वळली, खाली आली, वळली. जिथं वळती तिथं जरा थांबती. डोळ्याला दिसंल न दिसंल, पर थांबती. कडं सरकवायचं ते एवढ्याचसाठी. नेमकं वळताना छर्रा सुटला पायजे. थरथरू द्या की खुशाल. वळताना सुटला तर जिथं जायचा तिथंच जातोय."

खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी तिकडे बघितलं तेव्हा काकू स्वतःच्या हाताकडे बघत उभ्या होत्या. मग नळ सुरू झाला.

असं वर्षभर चाललं. दर दोन-चार दिवसांनी काकू विचारायच्या, "अजून थरथरतीय का नळी?" आप्पा म्हणायचे, "अजून जराशी." काकू म्हणायच्या, "मग व्हऊ द्या." त्या बंदुकीला शिवायच्या नाहीत. दोघांचंही बरं चाललं होतं असं आता मला वाटतं.

जत्रेला आठवडा राहिला असताना आप्पांनी मला हाक मारली. वाइसमध्ये बंदूक, पुठ्ठ्यावर टिकली. पाच छर्रे मारले आणि आम्ही जवळ जाऊन बघितलं. पाचही छर्रे टिकलीत. एकच भोक, जरा मोठं. मी आनंदानं ओरडलोच. मला वाटलं आता आप्पा मला मिठी मारतील, काकूंना बाहेर बोलावतील, गल्लीत पेढे वाटतील. आप्पांनी पुठ्ठा काढला, खिडकीकडे चोरून बघितलं आणि पुठ्ठा घडी करून खिशात घातला.

"आप्पा, झाली की नळी नीट!"

"हळू बोला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू ऐन परीक्षेत पेन हरवलं.

मला काही कळेना. मराठीच्या मास्तराला ओळींच्या मधलं वाचता येतं असा लोकांचा समज आहे, तो खोटा आहे. त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "अजून थरथरतीय का?" आप्पांनी खिशातला पुठ्ठा चाचपला. मग खोटं बोलणं काही त्यांच्यानं झालं नाही. "न्हाई. थांबली आता."

"मग जाऊ यंदा," काकू म्हणाल्या.

माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर डॅशबोर्डला लावून ठेवला होता आणि माझ्या गाडीचं एकेक दुखणं मला ऐकवत होते. चौफुल्याला चहाला थांबलो. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," आप्पा म्हणाले. काकू आणि मी हॉटेलच्या दारापाशी टेबलावर बसलो. चष्मा गाडीत राहिला म्हणून मी परत गेलो तर आप्पा मागच्या सीटवर बंदूक मांडीवर घेऊन बसलेले. हातात एलन की. कड्याचा स्क्रू ते फिरवत होते आणि फिरवत होते उलट्या बाजूला.

"काय झालं, आप्पा?"

"काय न्हाई. तपासतोय." त्यांनी घाईनं पोतं गुंडाळलं. "चहात साखर कमी सांगा माज्या."

मी चष्मा घेतला आणि साखर कमी सांगितली. उलट-सुलट मला कारखान्यातलं काय कळणार, असं मनाशी म्हणालो.

कासुर्डीत बंदुकीच्या दुकानाशी पोहोचेपर्यंत आत्या आली, आत्या आली म्हणून पंचवीस-तीस माणसं जमली होती. फुगेवाल्यानं आपली जुनी बंदूक ओळखली, नळीवरचं पितळी कडं बघून म्हणाला, "आप्पा, हिला तुम्ही दागिना घातला व्हय?" त्यानं दहा छर्रे मोजून काकूंच्या पुढ्यात ठेवले. काकूंनी पदर खोचला आणि बंदूक उचलून हातावर ठेवली. आवळली नाही. नळीचं टोक हवेत छोटे छोटे गोल काढायला लागलं.

पहिला छर्रा पडद्यात गेला. दुसराही. तिसरा. चौथा. माणसं गप्प व्हायला लागली आणि मला गेल्या खेपेचा तो हातात दिलेला फुगा आठवला. काकूंचा मोठा भाचा, चांगला बागायतदार माणूस, मायेनंच म्हणाला, "आत्या, राहू द्या आता. हात जरा..."

"नळी!" आप्पा एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा पाळणेवाला वळला. ते पुढं घुसले, नळीला स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ कानाला, डोळे बंद. जत्रेच्या त्या कर्ण्यांच्या कल्लोळात त्यांना काय ऐकू येणार होतं देव जाणे. डोळे उघडून त्यांनी जाहीर केलं, "खडखड! कडं ढिलं हाय. माज्याकडनं आवळायचं ऱ्हायलं. चूक माजी हाय. वरीसभर बसलो आन् स्क्रू आवळायचा इसरलो."

मग काय विचारता! सगळी जत्रा आप्पांना हसली. भाचा म्हणाला, "मामा, कारखान्यानं तुमाला एवढी वर्षं ठिवलं कसं?" कुणी म्हणालं, आप्पांचाच स्क्रू ढिला आहे. आप्पा मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला एकदम चौफुला आठवला, ती उलटी फिरणारी एलन की आठवली आणि आठवड्यापूर्वीचा त्यांचा चेहरा आठवला. नळी नीट झाली होती हेच त्यांचं दुःख होतं. आता नळीवर ढकलायला काही उरलं नव्हतं. हसायचं तर मला हसा, तिला नाही, एवढ्यासाठी वर्षभराच्या मेहनतीचा स्क्रू त्या माणसानं स्वतःच्या हातानं ढिला केला होता. मी चष्मा काढून पुसला.

काकू म्हणाल्या, "अहो, मग आवळा की."

आप्पा दचकले. "आता हितं कुठं? घरी गेल्यावर बगू. चल, जिलेबी..."

"आवळा. अजून सा छर्रे हायती."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी फुग्यांकडे बघायला लागलो. त्यांनी खिशातून एलन की काढली आणि कड्याच्या स्क्रूला लावायला गेले. लागेना. की एकदा डाव्या अंगाला घसरली, एकदा उजव्या. आयुष्यभर बारीक कामं केलेल्या त्या माणसाचा हात थरथरत होता. काकूंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. एक थरथरता हात, त्यावर दुसरा थरथरता हात. "सावकाश. वळताना जरा थांबतंय बगा," काकू म्हणाल्या. की स्क्रूत बसली.

पाचवा छर्रा पडद्यात गेला. सहावाही. सातव्याला काकूंनी खूप वेळ घेतला. नळीचं टोक गोल काढत होतं, वर जायचं, वळायचं, खाली यायचं, वळायचं, आणि काकू त्याच्याबरोबर श्वास घेत होत्या. मला माझी पट्टी आठवली. मग फट् झालं आणि एक पिवळा फुगा फुटला.

असा गलका मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सुद्धा ऐकलेला नाही. काकूंनी बंदूक खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उरलेले तीन छर्रे फुगेवाल्याला परत दिले. मग जिलेबी घ्यायला गेल्या.

परत निघताना आप्पा भाच्यांना भेटत मागं रेंगाळले. काकू आणि मी गाडीत. मला राहवेना. मी म्हणालो, "काकू, चौफुल्याला आप्पांनी..."

"कडं ढिलं केलं. बगितलं मी. त्या हाटेलच्या आरशात दिसत व्हतं."

"मग आधीच का नाही आवळायला सांगितलं?"

"एवढं मनापासनं ढिलं केलं व्हतं त्यांनी." काकू जिलेबीची पुडी मांडीवर नीट ठेवत म्हणाल्या. "पहिलं चार छर्रे त्यांच्यासाठी मारलं. लोकांना त्यांच्यावर हसून घेऊ दिलं. मंग तीन माजं मारलं. तिनात एक म्हंजी वंगाळ न्हाई." मग खिडकीतून बाहेर बघून, आवाज बारीक करून म्हणाल्या, "नेम लालवर धरला व्हता पर. फुटला पिवळा. ह्यांना नगा सांगू. लई खूश हायती."

मी नाही सांगणार म्हणून मान हलवली. आप्पा आले, बसले, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर डॅशबोर्डला लावला आणि शिरूरपर्यंत गाडी नुसती ऐकत राहिले. काकू मागच्या सीटवर झोपून गेल्या.

घरी पोहोचल्यावर काकू आत गेल्या. आप्पा पोत्यातली बंदूक काढत गाडीपाशी थांबले. आजूबाजूला बघितलं, माझ्या जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, एक इचारू? तुमी बगितलं का, तिनं धरली व्हती कुठं?"

"कुठं?"

"लालवर. मी तिच्या मागंच व्हतो." त्यांनी कड्यावरून अंगठा फिरवला. "पर तिला बोलू नगा. लई दिसांनी झोपलीय अशी."

तर हे असं आहे. दोघांचं एकच गुपित दोघांनी एकमेकांपासून लपवायला माझ्यापाशी ठेवलं आहे. परसात अजून वाइस आहे, टिकल्या अजून संपतात, आणि दर दोन-चार दिवसांनी काकू विचारतात, "थरथरतीय का?" आप्पा सांगतात, "जराशी परत लागलीय." मी हे लिहून टाकलं ते एवढ्याच भरवशावर की आप्पा कारखान्यातून सुटल्यापासून काही वाचत नाहीत आणि काकूंच्या हातात पुस्तक हलतं. तरी कधी शिरूरला आलात आणि आमच्या गल्लीत स्क्रू ड्रायव्हर कानाला लावलेला माणूस दिसला, तर कृपा करून लाल फुग्याचं नाव काढू नका. नळी कशी आहे, एवढंच विचारा.